पदीबायचा बांध

बांधातलं भोक कुणीतरी पाहिलं होतं. पाहिलं, आणि मुकाट घरी जेवायला गेला. तो कोण, हे वेळखार गावात आजवर कुणी सांगितलेलं नाही.

फार मागची गोष्ट. खाडीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावाला मातीचा लांबच लांब बांध होता. ज्याचं शेत समोर, त्याने तेवढा तुकडा राखायचा, अशी वाटणी होती. चिंबोऱ्यांनी, म्हणजे खाडीतल्या खेकड्यांनी, बांध पोखरला तो नेमका दोन वाट्यांच्या मधोमध. हा म्हणाला त्याचा, तो म्हणाला ह्याचा. भादव्याच्या उधाणाला बांध फुटला आणि उभं भात खाऱ्या पाण्यात बुडालं.

पदीबाय तेव्हा ऐन तिशीत होती. नवरा गेलेला, पदरी पाच लेकरं. गाव मिठागरांवर मजुरीला निघालं. पाटील तिच्याही दारात आला आणि म्हणाला, जमीन मेली, गाठोडं बांध.

पदीबायने लेकरांकडे पाहिलं. गाव सोडलं की पोरं मिठात राबणार आणि आपल्या घरचा तांदूळ कसा असतो ते विसरणार, हे तिला दिसत होतं. ती म्हणाली, "जमीन मेली नाही, पाटील. पाऊस धुईल तिला. बांध मी घालते."

आणि ती घालू लागली. दिवसा टाकलेला चिखल भरती नेई. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा टाकी. थोरली लेक टोपल्या भरी, धाकटा पायांनी चिखल तुडवी. जाणारे थांबून हसत. एकाने विचारलं, "गो पदीबाय, खाडीला टोपलीनं अडवतेस?"

"खाडी दिवसातून दोनदाच येते," ती म्हणाली. "मी दिवसभर येते."

असं म्हणतात, ते ऐकून पाचजण गाठोडी खाली ठेवून परतले, मग हळूहळू बाकीचं गावही.

चैती पुनवेला एवढंसं खिंडार उरलं होतं. भर दुपारी उधाण चढलं. चिखल पडे आणि वाहून जाई. तेव्हा पदीबाय खाडीकडे पाठ करून खिंडारात बसली आणि म्हणाली, माझ्याभोवती लिंपा. पाणी कमरेला आलं, खांद्याला आलं, हनुवटीला टेकलं. असं म्हणतात, तिथे ते थांबलं. लेकरं लिंपत होती, गाव लिंपत होतं आणि खाडी तिच्या पाठीमागे भिंतीसारखी उभी होती. ओहोटी लागल्यावर तिला उचलून काढलं, तर डोकीचा केस न् केस पांढरा झालेला. बांध मात्र उभा होता.

तीन पावसाळे गेले. चौथ्या वर्षी तांबडं भात पिकलं. पहिला घास तिने लेकरांना भरवला आणि त्याच दिवशी गावाला सांगितलं, आजपासून बांधाची वाटणी नाही.

मग ती जगली. कुणी म्हणतं शंभर वर्षं, कुणी म्हणतं एकशेवीस. नातवंडं, पतवंडं, त्यांचीही लेकरं तिच्या अंगाखांद्यावर वाढली. तिच्या घरातली मुलगी मागायला आलेल्याला आधी बांधावर टोपलीभर चिखल टाकावा लागे, मगच चहापाणी. म्हातारपणी तिची पाठ चेपणाऱ्या नाती सांगत, आजीची पाठ भरतीला ओली होते आणि ओहोटीला सुकते. ती गेली त्या दिवशी, असं म्हणतात, खाडी बांधापर्यंत आलीच नाही.

आजही चैती पुनवेला वेळखारचं प्रत्येक घर पाच टोपल्या चिखल घेऊन बांधावर जातं. एक नेम आहे, आपल्या शेतासमोर टाकायचा नाही. यंदा एक नवी सून टोपली घेऊन चालली होती. वाटेत तिला चिंबोरीचं भोक दिसलं. तिने शेजारच्या नागूबायला विचारलं, हे कुणाच्या हद्दीत येतं?

नागूबाय चिखल कालवत होती. तिने मान वर केली नाही. "तू पाहिलंस ना? मग भर."