अकीकावरचा डावखुरा तिरंदाज

"म्हणजे जुने इराणी स्वार डाव्या हाताने धनुष्याची दोरी ओढायचे, असं म्हणतोस?" लतीफशाह फकिरांनी कणकेचा गोळा वळता वळता विचारलं.

"म्हणत नाही बाबा, डोळ्यांनी पाहिलंय." त्यांचा शिष्य सियावशने बटव्यातून अकीकाचा जुना इराणी खडा काढला. त्यावर कोरलेला घोडेस्वार : उंच टोपी, मागे उडणाऱ्या फिती, ताणलेलं धनुष्य.

"बघा. बाण डाव्या हातात. भाता डाव्या मांडीशी. अंगरखासुद्धा उलट्या बाजूला बांधलेला. अख्ख्या बीदरात हे कुणाला ठाऊक नाही!"

उद्या सकाळी किल्लेदारासमोर त्याची परीक्षा होती. जमली तर तो घोडदळाचा उस्ताद होणार होता. त्यासाठी वर्षभर तो डाव्या हाताने बाण मारत होता. अंगरखाही तसाच उलटा शिवून घेतला होता. शिंपी अजून हसत होता.

"नेम लागतो?"

"तसा... लागतो."

"परवा माझ्या कोंबडीला लागला."

"ती मध्ये आली, बाबा."

"ती तुझ्या मागे होती."

सियावशने खडा अंगरख्याला पुसला.

बाबांनी हात पुढे केला. आता खडा डोळ्यांना लावतील, दुवा देतील, असं त्याला वाटलं. बाबांनी तो कणकेवर दाबला आणि उचलला.

सियावश वाकला.

कणकेतला स्वार उजव्या हाताने दोरी ओढत होता. भाता उजवीकडे. अंगरखा शिंप्याच्या मनासारखा.

"शिक्का आहे हा..." तो पुटपुटला. "ठसा सुलटा उमटावा म्हणून कोरणाऱ्याने मुद्दाम उलटा कोरलाय."



कणीक हळूहळू सैल होत होती, ठसा पसरत होता. सियावश बघत राहिला... आणि एकदम त्याचा चेहरा उजळला.

"बाबा, टोपी बसकी होती! आणि घोडे केवढे गुबगुबीत! अख्ख्या बीदरात हे कुणाला—"

बाबांनी गोळा थापला आणि तंदुरात लावला.

"माझा स्वार!" सियावश कळवळला. "आता उद्या मी कोणत्या हाताने मारू?"

बाबांनी रोटी भाजू दिली. मग काढली, तुकडा मोडला, वाफाळता तसाच त्याच्यापुढे धरला.

सकाळपासून उपाशी असलेल्या सियावशचा उजवा हात झटकन पुढे आला.

बाबांनी त्या हाताकडे पाहिलं.

"याला कुणी सांगितलं?"