सया, गया आणि पिवळं पागोटं

एकदा काय झालं, एका राजकन्येच्या अंगात एक गाव होतं. हो, अंगात! तुमच्याही आहे, बरं का. नाकाशी वेस, आत श्वासाच्या गल्ल्या. वेशीवर राखणीला दोघी बहिणी, सया आणि गया. गावाची रीत अशी, की माणूस ओळखायचा तो पागोट्यावरून.

एका थंडीत फ्लू नावाचा भामटा आला. लाल पागोटं, पाय जरा फेंगडे. कोण कुठला, कुणालाच ठाऊक नाही. शिरला की आत! मग राजकन्येला हा ताप! अंग ठणकतंय, राणीच्या डोळ्याला डोळा नाही. गावाच्या शिपायांनी कसंबसं त्याला हुसकावलं आणि ते दमून पांगले. सया मात्र ते लाल पागोटं मनात धरून वेशीवर बसून राहिली.

पुढच्या थंडीत तो पुन्हा आला. सयानं लांबूनच हाळी दिली, "आला गं बाई मेला!" मग काय, शिपाई धावले, भामटा वेशीवरच चीत. राजकन्या जराशी शिंकली अन् खेळायला गेली. सयाचं केवढं कौतुक झालं! ते थोडं डोक्यातच गेलं म्हणा ना.

मग तिसरी थंडी. पिवळ्या पागोट्याचा एक पाहुणा आला. गया कुजबुजली, "ताई, पाय बघ गं. तेच फेंगडे!"

"गप बस. पागोटं दिसत नाही का तुला? पाहुण्याला असं बोलतात?"

आणि सयानं राम राम करून त्याला आत घेतलं.

मग पुन्हा ताप. राजकन्या पाणीसुद्धा गिळेना. गया एकटीच त्याच्यामागे गल्लीत धावली, त्याच्या पायांना मिठी मारून ओरडत राहिली. शिपाई पोचले, भामटा पडला, राजकन्या वाचली. गया नाही वाचली, बिचारी.

सया रडली हो, खूप रडली. "ऐकलं असतं तर," एवढंच म्हणायची. नुसतं एकदा खाली बघायचं होतं, दुसरं काय!

तेव्हापासून ती पाय बघते. राजवैद्यही थंडीच्या आधी सुईच्या टोकावर भामट्याचं नव्या रंगाचं रिकामं पागोटं आणून तिला दाखवतात. आता भामटा आला तरी फार आत जात नाही. राजकन्या मोठी झाली, सुखानं नांदली. गावही सुखी झालं.

सया मात्र वेशीशी कुणी आलं, की अजून शेजारी वळून म्हणते, "गया, बघ गं जरा." शेजारी कुणी नसतं. मग ती स्वतःच वाकून बघते.

जागीच असते ती, बाळांनो. तुम्ही मिटा डोळे.