राज्य कोणावर?

“…मग यातलं कोणतं घेऊ, बुवा?”

हेरंबने दोन स्मार्टवॉच मठाच्या ओट्यावर ठेवली. एक निळं, एक गुलाबी. दुकानदाराने दोन दिवस वापरून बघायला दिली होती.

भिकाबुवा सुपात शेंगा सोलत होते. हेरंब कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायचा, तरी काही अडलं की टेकडी चढून बुवांकडे यायचा. आज सोबत त्याची आठ वर्षांची रेवा होती.

“निळं काय करतं?”

“रेवा कुठे आहे ते मोबाईलवर दाखवतं.”

“आणि गुलाबी?”

“ते तिची नाडीसुद्धा सांगतं.”

“नाडी जोरात चालली तर काय करशील?”

“धावत जाईन.”

“आणि शांत चालली तर?”

“तर… खेळत का नाही म्हणून काळजी करीन.”

रेवा फिसकन हसली.

बुवांनी तिच्याकडे पाहिलं. “शेवटचं कधी खेळलीस गं?”

रेवा पायाच्या अंगठ्याने माती उकरू लागली. “जत्रेच्या आधी.”

“जत्रेत हरवली होती, बुवा,” हेरंब हळूच म्हणाला. “अर्धा तास सापडत नव्हती. तेव्हापासून मी तिला एकटीला खेळायला सोडलेलंच नाही. घड्याळ घेतलं की सोडेन. माझी नजर राहील ना तिच्यावर.”

…

बुवांनी शेंगांचं सूप बाजूला सारलं.

“मग नजर कशी राहते ते इथेच बघू. लपाछपी! राज्य कोणावर?”

“बाबावर!” रेवाने टुणकन उडी मारली आणि निळं घड्याळ मनगटावर चढवलं. “पण शंभर मोजायचे हं, बाबा.”

“वीस पुरेत. माझ्याकडे मोबाईल आहे.”

हेरंबने जांभळाच्या खोडावर डोकं टेकवलं. वीस मोजले. मोबाईल पाहिला.

ठिपका करवंदाच्या जाळीकडे सरकत होता. तो ठिपक्यामागे निघाला. जाळीत कसलीशी घंटा किणकिणत होती. ओट्यावर बुवा तोंडाशी उपरणं धरून बसले होते. हेरंबची मान खालीच.

ठिपका थांबला. त्याने दोन्ही हातांनी जाळी बाजूला केली.

“रेवा इस्टॉप!”

बुवांची शेळी चघळता चघळता थांबली. गळ्यातल्या घंटेच्या दोरीला निळं घड्याळ बांधलेलं होतं.

“रेवा!” हेरंबने जत्रेत मारली होती तशीच हाक मारली…

पाठीत दणकन थाप बसली.

“धप्पा!”

तो गर्रकन वळला. “कुठे होतीस तू?”

“तुझ्या मागेच. झाडापासून इथपर्यंत. तू एकदाही वळून बघितलं नाहीस!”

हेरंबने शेळीकडे पाहिलं, मग लेकीकडे. आणि तिथेच मातीत बसून तो हसत सुटला. बाबाला एवढं हसताना पाहून रेवाही त्याच्या अंगावर लोळली. शेळी पुन्हा चघळू लागली.

“बुवा,” तो डोळे पुसत म्हणाला, “मग आता कोणतं घेऊ?”

बुवांनी त्याच्या हातातला मोबाईल काढून घेतला आणि शेंगांच्या सुपात ठेवला.

“ते मागाहून. धप्पा बसलाय, राज्य अजून तुझ्यावरच आहे. डोळे मीट… आणि या वेळी शंभर मोज.”