वीज परत आल्यावर

“...आणि वीज परत आली, की?” भवानगीर महाराजांनी विचारले.

“संगणक आपोआप सुरू होतो, महाराज. कोणाचा हात लागत नाही.”

हे सांगताना हेरंब सबनीस ताठ बसले होते. मुख्य अभियंता म्हणून निवृत्त होऊन त्यांना तीन वर्षे झाली होती. आवाजातला हुद्दा मात्र अजून उतरला नव्हता. टेकडीवरच्या या मठात चातुर्मास काढावा, ही त्यांची जुनी आस. गेल्या वर्षी त्यांनी ती बोलून दाखवली, तेव्हा महाराज एवढेच म्हणाले होते, “घर तुझ्यावाचून चालू दे. मग ये.”

ते आले होते. पुराव्यासह.

“घरात तुझ्यावाचून अडत काय होते?”

“एकच गोष्ट. हा संगणक.”

आणि त्यांनी सविस्तर सांगितले. लग्नानंतरची पहिली दहा वर्षे त्यांची नि कुंदाबाईंची धरणांच्या वसाहतींत गेली. कुंदाबाईंच्या वडिलांना, तात्यांना, पत्र लिहिण्याचा कंटाळा. ते पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवीत. अशा त्र्याण्णव कॅसेटी जमल्या. तात्यांना जाऊन आता बारा वर्षे झाली होती. निवृत्त झाल्यावर हेरंबरावांनी त्या साऱ्या कॅसेटी संगणकात उतरवल्या आणि अशी योजना केली, की रोज दुपारी चारच्या ठोक्याला त्यांतली एक लागावी आणि स्वयंपाकघरातल्या स्पीकरमधून ऐकू यावी. कुंदाबाई आपला चहा त्यासाठी चारपर्यंत लांबवीत.

पण फलटणला, त्यांच्या घरी, वीज वरचेवर जाई. ती गेली, की संगणक बंद पडे. वीज परत येई. संगणक बंदच राही.

“मग?”

“मी येऊन बटण दाबीत असे.”

“तू बाहेर असलास, तर?”

“कुंदा थांबते.”

“बटण त्यांना सापडत नाही?”

“सापडते. पण त्याला हात लावायचा नाही, असे मी सांगून ठेवले आहे.”

“का?”

“बिघडेल म्हणून.”

महाराज सुपारी कातरत होते. अडकित्ता क्षणभर थांबला... पुन्हा चालू लागला.

“आता ते सारे मिटले,” हेरंबराव घाईने म्हणाले. “यंत्र सुरू होतानाच एक कळ दाबून धरली, की त्याची मूळ मांडणी उघडते. तिथे विचारलेले असते, की गेलेली वीज परत आल्यावर काय करावे? उत्तरे तीन. बंद राहावे, सुरू व्हावे, किंवा वीज जाण्यापूर्वी जसे होते, तसे व्हावे. मी दुसरे निवडले. चार महिने मी येथे राहिलो, तरी तात्यांचा आवाज एक दिवसही चुकायचा नाही.”

“वीज घालवून पाहिलीस?”

“चालत्या यंत्राची वीज तोडू नये, महाराज. आधी ते रीतसर बंद करावे लागते.”

“वीज जाते, ती तुला विचारून जाते का?”

महाराजांनी हेरंबरावांच्या बाजूला पडलेला फोन उचलून त्यांच्या हातात ठेवला.

चाराला आठ मिनिटे होती.

“अहो, पोहोचलात का? जेवलात?” कुंदाबाईंचा आवाज मठाच्या ओसरीभर झाला.

“जेवलो. कुंदा, एक काम कर. घराचा मेन स्विच बंद कर, आणि दहा आकडे मोजून पुन्हा चालू कर.”

“तुमचा संगणक चालू आहे ना पण?”

“असू दे.”

“मी हात लावते आहे, ते तुमच्याच सांगण्यावरून बरे. महाराज ऐकत आहेत ना?”

“ऐकतो आहे,” महाराज म्हणाले.

फोनवर पावले वाजली. खटका पडला. कुंदाबाई अगदी शाळेतल्यासारख्या मोठ्याने दहापर्यंत मोजत होत्या. पुन्हा खटका... आणि मग दुरून पंख्याची घरघर.

“लागला हो. आपला आपण लागला.”

हेरंबरावांनी महाराजांकडे पाहिले. त्या पाहण्यात चातुर्मासाचे चारही महिने होते.

“पण अहो, पडद्यावर एक चौकोन आला आहे. पासवर्ड मागतो आहे.”



तो शब्द हेरंबरावांची बोटे इतकी वर्षे आपसूक टंकीत आली होती. आपण तो टंकतो, हेच त्यांच्या ध्यानात राहिले नव्हते. यंत्र उठले होते खरे. पण उंबरठ्यावर उभे होते.

“किरकोळ आहे,” ते महाराजांना हळूच म्हणाले. “मी उद्या घरी जाऊन तो पासवर्डच काढून टाकतो. मग कोणाचीच गरज लागणार नाही.”

“त्या फोनवर आहेत,” महाराज म्हणाले.

चाराला दोन मिनिटे उरली.

“कुंदा...” हेरंबराव खाकरले. “लिहून घे. चीफइंजिनिअर. इंग्रजीत, सलग. पहिले अक्षर मोठे.”

पलीकडे पेन्सिल कागदावर फिरली.

“शेवटी निवृत्त लिहू का?”

महाराजांच्या खांद्यावरची कफनी हलू लागली. हेरंबरावांचे कान लाल झाले. पण किती दिवसांनी कोण जाणे, त्यांनाही हसू आवरेना.

“लिही तू. नुसते चीफइंजिनिअर.”

एकेक कळ दाबल्याचा आवाज येत राहिला. सावकाश, शुद्धलेखनासारखा. मग काहीच नाही... आणि मग, खूप लांबून यावा तसा, खरखरीतून एक म्हातारा स्वर आला.

“...कुंदे, यंदा शेवगा लवकर फुलला बघ. तुझी आई म्हणते, सांगू नका, पोरीला यावेसे वाटेल. मी म्हटले, वाटू दे की...”

तात्या शेवग्यावरून विहिरीच्या पाण्यावर गेले, तेव्हा कुंदाबाईंनी विचारले, “पुढच्या वेळी मीच लावू का? की तुमची वाट पाहू?”

तीन वर्षांत हे त्यांनी कधी विचारले नव्हते. विचारायची सोयच ठेवलेली नव्हती.

हेरंबरावांनी घसा साफ केला. हुद्दा सापडला नाही.

“तूच लाव, कुंदा.”

“बरे,” त्या म्हणाल्या. “ठेवते. तात्या बोलत आहेत.”

फोन बंद झाला. हेरंबरावांनी तो बाजूला ठेवला. मग ते महाराजांच्या पायांशी सरकले.

“महाराज, आता घर माझ्यावाचून चालते आहे. खरोखर चालते आहे. आता राहू मी?”

महाराजांनी कातरलेली सुपारी त्यांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटे हलकेच मिटवली.

“आजवर घरी बटण दाबणाऱ्याची वाट पाहिली जात होती, हेरंबा. आता तुझी वाट कोणी पाहते का... तेवढे घरी जाऊन पाहून ये.”