सड्याचं फाटक

"यांना लाज कशी वाटत नाही, आजी?"

सोनबा झोरे अंगणातूनच कडाडला. तळहाताला फडकं बांधलेलं, त्यातून रक्त पाझरत होतं.

धाकूआजी उंबऱ्याशी वाल सोलत बसली होती. डोंगरावरच्या सड्याचा झाडपाला सोनबा लहानपणी तिच्याच मागं हिंडून शिकला. आता त्या खडकाळ पठारावरच्या फुलांसाठी गर्दी लोटत होती, आणि सोनबा राखण समितीचा अध्यक्ष झाला होता.

"कालच्या गर्दीनं फुलांत बाटल्या फोडल्यात. काचा उचलायला या म्हणून गावात दवंडी दिली. चाळीस घरांतून आलं कोण? मी आणि माझी बायको! हात कापला तरी एकानं विचारलं नाही."

आजी सोलत राहिली.

"फुलं गेली तर पर्यटक यायचे नाहीत, तुमच्याच चुली विझतील, म्हटलं. दंडाची भीती घातली. ढिम्म! ...तुझा शब्द कुणी मोडत नाही. तू नुसती सड्यावर उभी राहा, झक मारत येतील."

आजीनं सूप बाजूला सारलं. "चल."

चढ चढून दोघं तारेच्या कुंपणाशी आली. फाटकावर तालुक्याहून आणलेला नवा रखवालदार होता. त्यानं काठी आडवी घातली.

"आजी, पास?"

सोनबाचा पारा चढला. "डोळे फुटले का तुझे? हिचा जन्म गेलाय या सड्यावर!"

"साहेब, तुम्हीच बजावलंत... गावचं कुणीही असो, पासाशिवाय सोडायचं नाही."



आजीनं काठीला हात लावला नाही. ती तिथंच, फाटकाबाहेर, धोंड्यावर बसली.

"गुरं तुडवतात म्हणालास, गुरं अडवलीस. बाया कंद खणतात म्हणालास, बाया अडवल्यास."

"फुलं वाचावीत म्हणूनच ना, आजी!"

आजीनं तारेपलीकडच्या फुलांवर नजर फिरवली.

"आता ऊठ. मी सांगतो त्याला. तुला कोण अडवतंय?"

आजी हलली नाही. वाऱ्यानं कागदी पेले फुलांवरून गडगडत गेले. सोनबानं स्वतःच काठी हिसकावून भिरकावली.

"चल ना आत! गावाला कसं आणू, तेवढं सांग!"

आजीनं वर पाहिलं. आवाज चढला नाही, पण सोनबाला तो कानशिलात बसल्यासारखा लागला.

"तू आम्हाला पाहुणे केलंस, सोनबा. पाहुण्यानं कधी दुसऱ्याच्या घरचा केर काढलाय?"