धाकटीच्या खाली कोण?

जमिनीखाली खोल, एका काळ्या बंद पेटीत, कधीकाळी सिलिकॉनच्या तीन चकत्या एकीखाली एक राहत होत्या. आरपार जाणारा एखादा अदृश्य कण अंगाला लागला, की त्या ओरडायच्या. पण तिघी एकदम ओरडल्या, तरच वरची माणसं ते खरं मानायची.

तळाची धाकटी भारी भित्री. नुसत्या उबेनेही दचकून एकटीच ओरडायची.

"काय गोंगाट लावलाय हिने!" वर बसून नोंदी ठेवणाऱ्या सुलक्षणाबाई वैतागल्या. "पुन्हा एकटी ओरडली, तर हिची तारच काढून टाका."

तार काढली म्हणजे कायमचं मुकं व्हायचं. धाकटी रडायला लागली.

"रडू नकोस गं," थोरली म्हणाली. "तू ओरडलीस की आम्हीही ओरडू."

"आणि काही लागलंच नसलं तर?" मधलीने विचारलं.

"बहीण तर वाचेल!"

तसंच चालू झालं. सुलक्षणाबाईही खूश झाल्या.

मग एकदा तळातून ओरडणं आलं. दोघींनी लगेच साथ दिली.

"आता कशाला दचकलीस, वेडाबाई?" थोरली हसली.

धाकटीने खाली कान लावला. मग अगदी हळू म्हणाली, "ताई, मी नाही ओरडले. माझ्या खालून आवाज आला."

"तुझ्या खाली कोण आहे?"

"कोणी नाही गं. नुसतं पेटीच्या तळाचं शिसं आहे."

तेवढ्यात खालून पुन्हा ओरडणं आलं, आणि घाबरून तिघीही ओरडल्या.

"तिघी म्हणतायत," वर सुलक्षणाबाई समाधानाने म्हणाल्या, "म्हणजे नेहमीचाच कण."