ओल्या भिंतीचं चित्र

डोंगरापल्याड रायाजीराव नावाचे एक जहागीरदार होते, बाबांनो. त्यांनी चित्रं रंगवणाऱ्या तुळाजी जिनगराला सदरेच्या भिंतीवर आपलं घोड्यावरचं चित्र काढायला सांगितलं. तुळाजीनं तीनदा काढलं आणि तिन्ही वेळा ओल्या भिंतीनं घोडा, स्वार, सगळं गिळलं. मग त्यानं भिंतीच्याच मनासारखं केलं. काळसर हिरवा, निळा, मध्ये थोडी वाळू, असे थरावर थर चढवले. त्यात ना माणूस, ना जनावर.

जहागीरदार भडकले. "ह्यात आहे काय? दाखव, नाहीतर अंगठा तोडतो!"

तुळाजीची म्हातारी आई भागू तिथंच सारवण करायची. ती हळूच म्हणाली, "सरकार, रंग डोळ्यांना दिसतो, पण पोत हातालाच कळतो. डोळे मिटा अन् तळवा टेकवा."

त्यांनी टेकवला. हात हळूहळू खाली सरकत गेला. भर दुपारी सदर गार पडली. एकाएकी जहागीरदार किंचाळले, "शेवाळ! मागच्या विहिरीचं शेवाळ! त्यावर दादाची नखं ओढलेली!"

त्यांचा थोरला भाऊ त्या विहिरीत बुडाला होता. तेव्हा आपण गावातच नव्हतो, असं ते इतकी वर्षं सांगत आले होते.

भागूनं पदर सावरला. "माझ्या लेकानं नुसता रंग लावला, सरकार. विहीर अन् नखं ज्यानं आणली, त्याचा अंगठा तोडा."

तुळाजीचा अंगठा शाबूत राहिला. भिंतीला पुढं तीनदा चुना लावला म्हणतात. तिन्ही वेळा हिरवा रंग वर आला.